बाबांचा घाट, दोन घरांत

बाबांनी जलरंगांत रंगवलेलं कृष्णेच्या घाटाचं चित्र ताईलाही हवं होतं आणि मलाही. बाबा गेल्यावर त्यावरून आम्हा दोघी बहिणींत जरा अबोलाच आला. शेवटी मी त्याची प्रिंट काढून घ्यायचं सुचवलं.

छपाईवाल्याने चित्र स्कॅन करून जाड, खरखरीत कागदावर नमुना छापला. पाणी फार हिरवं आलं होतं.

"बाबांची नदी मातकट आहे," ताई म्हणाली.

त्याने रंग उतरवून पुन्हा पुन्हा छापलं, तेव्हा कुठे ती ओळखीची वाटली. मग दोन्ही चित्रांना सारखीच सागवानी फ्रेम केली, वर काच बसवली. मूळ चित्राच्या आभाळात ब्रशचा एक केस चिकटलेला आहे, एवढाच काय तो फरक.

मी मूळ चित्र ताईपुढे सरकवलं. म्हटलं, "तू थोरली, तू घे."

"नको, मला छापलेलं दे. बाबांच्या हातचं घरी नेलं तर त्याला ऊन लागेल म्हणून मी दिवसभर पडदे ओढून बसेन. मला नुसतं बघायचंय गं."

मला वाटलं, माझ्यासाठीच माघार घेतेय.

आता मूळ चित्र माझ्या घरी पॅसेजमध्ये आहे. तिथे ऊन येत नाही, त्यामुळे दिवा लावल्याशिवाय घाट दिसत नाही. जपण्यात बघणं राहून जातं. ताईने तिचं खिडकीसमोर लावलंय. सकाळी त्या पायऱ्या उजळतात आणि ती समोर बसून चहा पिते. रंग उडाले तर पुन्हा छापू, म्हणते.

बाबांची आठवण आली की हल्ली मी ताईकडे जाते.