आईच्या पास्त्यातल्या मिरच्या

आईला ज्येष्ठांच्या वसाहतीत ठेवल्याची टोचणी घेऊनच मी दर रविवारी तिथे जातो. तिथल्या हॉटेलात इतकं चांगलं इटालियन जेवण मिळेल, असं वाटलं नव्हतं. परवा शेजारच्या टेबलावर एका मुलाने वडिलांसमोरचा पिझ्झा उचलून तिथे सूप ठेवलं. "या वयात चीज कशाला, बाबा?" ते गृहस्थ मुकाट्याने चमचा शोधू लागले.

माझं डोकंच फिरलं. आयुष्यभर ज्याने घराला जेवू घातलं, त्याने आता घासासाठी पोराची परवानगी मागायची? मी तावातावाने आईला हेच सांगत होतो.

"खरंय रे," आई म्हणाली. "मग माझ्या पास्त्यातल्या मिरच्या वेचायच्या थांबव."

माझ्या ताटलीच्या कडेला त्यांचा लालभडक ढीग झाला होता. तिने तो काट्याने स्वतःकडे ओढून घेतला.