ईशाचा उजवा घोटा

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, मुलीपाशी तर नाहीच. अमरावतीत मी ध्यानाचे वर्ग घेते. बाईचा आवाज मऊ आहे, म्हणतात लोक. मऊ! डोंबलाचा मऊ.

आमच्याकडे पुण्याहून आलेल्या एक मॅडम बॅले शिकवतात. हसू नका, आमच्याही पोरी टाचा उचलून नाचतात. माझी रेवती लहानपणी त्यांच्याकडे जायची. एक दिवस सगळ्या आयांसमोर मॅडम म्हणाल्या, "हे पाय शेतात चालतील, स्टेजवर नाही." आम्ही दर्यापूरकडचे शेतकरी, हे त्यांना ठाऊक होतं. घरी आल्यावर रेवतीनं विचारलं, "आई, माहे पाय असे कावून आहेत?" तिनं पुन्हा नाचाचं नाव काढलं नाही. मी मात्र आतल्या आत जळत राहिले.

वर्षं गेली. मग त्याच मॅडम माझ्या दारात! त्यांची मुलगी ईशा सरावात पडली होती, उजवा घोटा मुरगळला होता. घोटा बरा झाला, पण भीती जाईना. "ध्यानानं फरक पडतो म्हणे," म्हणाल्या. मी रेवतीचं नाव काढलं — त्यांना आठवेना. आठवेना! माझं तेव्हाच ठरलं. की नंतर? नाही, तेव्हाच.

ईशाला मी शिकवलं, आणि खरंच नीट शिकवलं. आडवं व्हायचं, डोळे मिटायचे, तळपायापासून टाळूपर्यंत लक्ष फिरवायचं, कुठेही रेंगाळायचं नाही. मग श्वासावर लक्ष ठेवून अख्खा नाच मनातल्या मनात करायचा. पोर खुलली. अमरावतीतच वाढलेली, बोलणंही आमच्यासारखंच. मी सांगेन ते डोळे मिटून ऐकायची. मला तेच तर हवं होतं ना?

कार्यक्रम अकोल्याला होता. बाहेरगावचे परीक्षक आले होते, एका मुलीला मोठ्या नृत्यशाळेसाठी निवडणार होते. ईशानं लहानपणापासून याचीच वाट पाहिली होती. पडद्यामागे ती सतरंजीवर आडवी झाली. मी तिचं लक्ष फिरवू लागले — आणि उजव्या घोट्यावर थांबवलं. मुद्दाम. "इथंच थांब," म्हणाले, त्याच मऊ आवाजात. "किती नाजूक आहे, बघ. त्या दिवशी कसा वळला, आठव. गिरकी घेताना लक्ष इथंच ठेव." तिच्या कपाळावर आठी पडली. मला दिसली. मी गप्प बसले का? नाही.

गिरकीतच ती कोसळली. मी आधी मॅडमचं तोंड पाहिलं, पोरीकडे नंतर बघितलं. बरं वाटलं मला. जीव गार झाला अगदी. आजही तो गारवा पुरता गेलेला नाही — खोटं कशाला बोलू?

निवड दुसऱ्याच मुलीची झाली. परतताना मॅडम गाडीत पुढे बसल्या होत्या. ईशा मागे माझ्याजवळ. हळूच म्हणाली, "काकू, माह्यं काय चुकलं वो?"

निदान तेव्हा तरी खरं बोलता आलं असतं. मी म्हणाले, "श्वासावरचं लक्ष सुटलं तुझं, बाई. मी बजावून राहिली होती ना तुले?"

पोरीनं माझा हात धरला, रडत रडत माझी माफी मागितली. आणि मी — मी तिला माफ केलं.