कारल्याचं नाक

त्याला सगळे कारलं म्हणायचे, आणि तेही तोंडावर. मागून म्हटलं तरी त्याला कळायचंच. मग उगाच दोनदा शिव्या कशाला खा, असा लोकांचा हिशेब. ट्रकच्या पॉवर स्टिअरिंगचं काम मात्र त्याच्यासारखं गॅरेजांच्या त्या अख्ख्या रांगेत कुणाला जमत नव्हतं. दोन्ही हातांनी ओढूनही न वळणारं चाक तो एका बोटाने वळेल असं करून द्यायचा आणि वर ड्रायव्हरला चार शब्द सुनवायचा. लोक काम घेऊन जायचे, शब्द तिथेच टाकून जायचे.

त्याच्या गॅरेजात मागच्या भिंतीला एक लाकडी फळी होती. तिच्यावर तेलांच्या वीस-बावीस बाटल्या आणि डबे. एकावरही चिठ्ठी नाही. मूळ कागद असले तरी तो पात्याने खरवडून काढायचा, कारण वाचून तेल ओळखणं हे त्याच्या मते कारकुनाचं काम. बूच काढायचं, वास घ्यायचा, थेंब अंगठ्यावर चोळायचा, झालं. गाडीतून काढलेलं जुनं तेल हुंगून तो ते कुठलं, किती दिवसांचं, आणि कुठल्या गाढवाने भरलं होतं, हे तिन्ही सांगायचा. गाढव बहुतेक वेळा शेजारच्याच गॅरेजातलं निघायचं.

दोन वर्षांपूर्वी त्याला ताप आला. पंधरा दिवसांनी ताप गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. त्याला ते कळलं स्वयंपाकघरात. चुलीवर दूध जळून काळं झालं, धूर दारापर्यंत आला, आणि हा दोन हात अंतरावर बसून पेपर वाचत होता. बायकोने विचारलं, वास कसा आला नाही? तो म्हणाला, दूध तापवणं हे माझं काम आहे का? भांडण पेटलं आणि मूळ प्रश्न त्यात वाहून गेला. तसं जावं म्हणूनच त्याने ते पेटवलं होतं.

खरं तर यात लाजण्यासारखं काय होतं? माणूस म्हातारा झाला की चष्मा लागतो, दात पडतात, गुडघे कुरकुरतात. पण कारल्याने उभा जन्म दुसऱ्यांना नावं ठेवण्यात घालवलेला. आता आपलं नाक गेलं म्हणून सांगितलं तर रांगेतले सगळे मिळून त्याची वरात काढतील, हे तो ओळखून होता. त्यांच्या जागी तो असता तर त्यानेही काढलीच असती. म्हणून तो रंग बघून आणि बोटाने चोळून काम उरकू लागला. दोन वर्षांत एकही गाडी तक्रार घेऊन परत आली नाही. तेव्हा त्याचं त्यालाच पटलं की नाकाचं एवढं काही नव्हतं, खरी कला बोटातच होती.

मग तो ट्रक आला.

साठ वर्षांचा ट्रक आणि सत्तरीचा ड्रायव्हर. ज्या कंपनीने ट्रक बनवला ती कधीच बंद पडलेली. ड्रायव्हरचा उजवा खांदा कामातून गेला होता आणि स्टिअरिंग दगड झालं होतं. मुलाने त्याला शेवटचं सांगून ठेवलं होतं की या आठवड्यात चाक हलकं झालं नाही तर गाडी भंगारात. ड्रायव्हर हे सांगताना बॉनेटवर हात फिरवत होता. कारल्याला असल्या मायेचा मनस्वी राग. तो म्हणाला, एवढं प्रेम होतं तर तेल वेळेवर का नाही बदललं?

त्याने पंप उघडला, तेल एका बाटलीत काढून घेतलं. काळं, गाळ साचलेलं. टाकीच्या झाकणावरची अक्षरं पुसून सपाट झालेली. आता अशा जुन्या गाडीत दोनच गोष्टी असू शकतात. एक तर पातळ लाल तेल, जे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सलाही चालतं. नाही तर साधं इंजिनऑइल, कारण काही कंपन्या त्या काळी तेच भरायच्या. नवीन निघालेलं पिवळं तेल तिसरं, पण ते जुन्या रबराला मानवेलच असं नाही. लाल तेलाच्या पंपात इंजिनऑइल घातलं तर पंप थंडीत किंचाळतो आणि चाक चढावर अडकतं. चुकून ब्रेकऑइल गेलं तर रबराच्या सीलची खीर होते. वास आला असता तर दोन सेकंदांचं काम. त्याने थेंब चोळला. जाड वाटला, पण तो जाडपणा तेलाचा की गाळाचा, हे बोट सांगेना. पहिल्यांदाच त्याला स्वतःच्या बोटाची भीती वाटली.

हे ओळखू शकेल असं दुसरं नाक एकच होतं. ते त्याच्या मुलीचं.

लहानपणी ती त्या फळीखाली बसून बुचं हुंगायची आणि बापाआधी तेलाचं नाव सांगायची. पुढे तिने गॅरेजात काम मागितलं, बापाने हाकलून लावली. तिने कोपऱ्यावर गाड्यांचं तेल विकणाऱ्या आणि किरकोळ दुरुस्तीही करणाऱ्या पोराशी लग्न ठरवलं. तो अबोल बिचारा पहिल्यांदा घरी आला तेव्हा सासऱ्याला खूश करायला म्हणून त्याने गॅरेजातल्या सगळ्या बाटल्यांवर सुबक अक्षरात चिठ्ठ्या लावल्या. कारल्याने त्याच्यादेखत एकेक चिठ्ठी खरवडली. ‘खाली मुंडी पाताळधुंडी’ असं त्याचं नाव ठेवलं आणि लग्नालाही गेला नाही. नऊ वर्षं झाली. दुकान गॅरेजापासून साठ पावलांवर, पण कारलं हवेत बघत पुढे जायचा आणि तेल लांबच्या दुकानातून आणायचा.

दुपारी जावई जेवायला घरी जातो हे त्याला पाठ होतं. बाटली खिशात घालून, नाक मुठीत धरून तो दुकानात शिरला. मुलगी काउंटरमागे डब्यांची रास लावत होती. तिने वर पाहिलं आणि परत डबे लावायला लागली. बस म्हणाली नाही, पाणी विचारलं नाही.

त्याने बाटली काउंटरवर ठेवली. “हे काय आहे ते सांग.”

“तुम्ही सांगा. नाक तुमचं मोठं.”

“सर्दी झालीये.”

“दोन वर्षं?”

कारल्याच्या पायाखालची वाळू सरकली. त्याने विचारलं, हे कुणी सांगितलं, तुझ्या आईने? ती म्हणाली, आईला यातलं काही माहीत नाही. मग तिने बूच काढलं, नाक जवळ नेलं, आणि क्षणभरही न थांबता म्हणाली की लाल तेल आहे, जळून काळं झालंय, इंजिनऑइलचा यात टिपूस नाही. बूच परत लावून बाटली त्याच्याकडे सरकवली. एवढ्यावर थांबली असती तर तो शिव्या देत का होईना, सुटला असता. पण तीही त्याचीच मुलगी.

ती म्हणाली, “आतापर्यंत तीन गाड्या. पाण्याच्या टँकरमध्ये तुम्ही ब्रेकऑइल घातलंत. दोन टेम्पोंत इंजिनऑइल. तिघेही तुमच्या गॅरेजासमोरूनच इथे आले. तुम्ही आधी शिव्या द्याल, मग ऐकाल, म्हणून तुमच्याकडे यायची हिंमत झाली नाही कुणाची.”

“खोटं आहे.”

“सील यांनी बदलले. पंप धुतले. गिऱ्हाइकाला सांगितलं, रबरच जुनं होतं, मास्तरांचा दोष नाही.” ती डबे लावत राहिली. “मी यांना म्हटलं होतं, पाठवा परत त्या गाड्या. त्यांच्याच दारात उभ्या करा, रांगेतले सगळे जमू देत. ऐकतच नाहीत. तुमची माया आली म्हणून नाही सांगत, मला त्यांचाच राग येतो.”

कारल्याला भयंकर संताप आला. जावयाने लबाडी केली असती, गिऱ्हाइकं पळवली असती, चारचौघांत त्याचं नाक कापलं असतं, तर त्याला समजलं असतं. त्याने तेच केलं असतं. पण ज्याचा नऊ वर्षं मन लावून दुस्वास करावा, त्याने आपली अब्रू पाठीमागे सांभाळावी आणि त्याबद्दल अवाक्षर काढू नये, यापेक्षा मोठा अपमान त्याचा आजवर कुणी केला नव्हता. त्याने बाटली उचलली. दारात पोचल्यावर वळून म्हणाला, “लाल तेलाचे दोन डबे दे.”

“चिठ्ठी खरवडून देऊ की तशीच?”

त्याने डबे घेतले आणि निघाला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो त्या मुलीतही पुरेपूर उतरला होता.

गॅरेजात येऊन त्याने पंप दोनदा धुतला, नवे सील बसवले, लाल तेल भरलं. ड्रायव्हरला वर बसवलं आणि इंजिन चालू ठेवून चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायला लावलं, पुन्हा पुन्हा, टाकीतले बुडबुडे थांबेपर्यंत. सुरुवातीला म्हाताऱ्याने सवयीने दोन्ही हात लावले होते. मग एक काढला. मग दुखऱ्या खांद्याच्या हाताचं एकच बोट लावून त्याने चाक फिरवलं आणि डोळे पुसायला तोंड खिडकीकडे केलं. कारल्याला आणखीच चीड आली.

ड्रायव्हर उतरला आणि चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला की मास्तरांच्या हातची गाडी परत येत नाही म्हणतात, ते आज पटलं. शेजारच्या गॅरेजातले दोघे हातातलं काम टाकून इकडे बघत होते. कारलं चिंधीने हात पुसत राहिला. हात केव्हाचे स्वच्छ झाले होते.

“चाक जड झालं, पंप ओरडला, काहीही झालं, तर गाडी माझ्याकडे आणायची,” तो गुरकावला. “कोपऱ्यावर न्यायची नाही. इथे, या दारात, सगळ्यांसमोर आणायची.”

म्हातारा हसला. “तुम्ही केलेलं काम कधी बिघडतं का, मास्तर?”

“बिघडतं,” कारलं म्हणाला, शेजारच्या दोघांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. “तीनदा बिघडलंय.”