आमच्या साडूंचा बर्गर

चरबीचा कण नसलेल्या खिम्यातून रस गाळून दाखवणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात एकच आहे, आणि माझं नशीब असं फुटकं की तो नेमका माझा साडू निघाला. मी सासरचा थोरला जावई. मेव्हणीचं लग्न होईपर्यंत सासरवाडीचा रविवार माझा होता. माझ्या तांबड्या रश्श्यावर चांगला बोटभर तवंग असायचा, आणि तो भुरकताना आमचे मामा, म्हणजे सासरे, घामानं निथळत ओरडायचे, "जावईबापू, जिंकलासा की!" मग मामांच्या छातीत दुखलं. डॉक्टरांनी तेल-चरबी बंद केली, त्याबरोबर मीही बंद झालो. मामा ताटातल्या उकडलेल्या दोडक्याकडे असं बघायचे की बघवत नसे. तिथं हा शिरला.

हा फौंड्रीत कामाला, त्यामुळं सगळं मापात. शेगडीसुद्धा जुनं पिंप कापून स्वतः वेल्डिंग केलेली. रविवारी सकाळी खाटकापुढं उभा राहणार आणि म्हणणार, "मांडीचं द्या. चरबी काढा. अजून काढा. ती काय, तिथं दिसती की!" एकदा खाटीक वैतागून म्हणाला, "पावणं, पुढच्या खेपेला बोकड जिमला घालून आणतो!" घरी आला की खिम्यात दुधात भिजवलेला पाव आणि किसलेला कांदा घालायचा, हात गार पाण्यात बुडवायचे आणि टिक्क्या अशा हलक्या थापायच्या, जणू झोपलेलं बाळ आहे. टिक्कीची जाडी कारखान्यातल्या व्हर्नियरनं मोजताना मी त्याला या डोळ्यांनी बघितलंय. मधे अंगठ्यानं एक खळी पाडायची, म्हणजे टिक्की फुगत नाही. निखाऱ्यावर एकदाच उलटायची. आणि उलथन्यानं दाबायचं तर अजिबात नाही! मी एकदा नुसतं उलथनं उचललं तर म्हणाला, "पावणं, रस जाळात पडला तर मामांच्या तोंडात काय जाणार, धूर?" सगळे हसले. माझी बायको जरा जास्तच हसली.

आणि बर्गर व्हायचाही तसाच, मेला! बेकरीतला गोल पाव, कांदा, पुदिन्याची चटणी, आणि चावलं की हनुवटीवरून ओघळ. मामा डोळे मिटून खायचे. "जिंकलासा की" आता त्याला. माझा जळफळाट व्हायचा, खोटं कशाला बोलू? चार बर्गर खाऊन जळफळाट व्हायचा.

परवाच्या रविवारी टिक्क्या शेगडीवर ठेवून तो चटणी आणायला आत गेला. मी एकटा. उलथनं समोर. काय झालं माझं मलाच कळलं नाही, पण मी सगळ्या टिक्क्या एकेक करून चांगल्या दाबल्या. रस निखाऱ्यावर पडून चर्र वाजला, आणि तो आवाज मला इतका गोड लागला म्हणून सांगू! साडू बाहेर आला तेव्हा उलथनं माझ्या हातातच होतं. त्यानं टिक्क्या बघितल्या, माझ्याकडे बघितलं, आणि पाव भाजायला घेतले.

मामांनी पहिला घास घेतला. चावत राहिले, चावत राहिले. "आज भुस्सा झालाय की रं," ते म्हणाले. आठवडाभर वाट बघितलेल्या माणसाचा चेहरा पडलेला मला पाहवेना. खरं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात साडू म्हणाला, "माझंच चुकलं, मामा. आज ध्यान न्हवतं."

उघडलेल्या तोंडात मी पुढचा घास कोंबला. मामांनी हातातला बर्गर खाली ठेवला आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "असू दे रं पोरा. व्हतंय कधी कधी."

थोरला जावई म्हणून मामांनी मला मान भरपूर दिला, पण पाठीवर हात ठेवून पोरा कधी म्हटलं नाही. चूक माझी होती, तो हातही खरा माझ्याच पाठीवर पडायचा होता. मी बसलो होतो अगदी शेजारीच, कोरडी टिक्की चावत.