खोबऱ्याचा तुकडा

ओल्या झेंडूचा वास आला की मला मळ्यातली ती सकाळ आठवते. दसऱ्यासाठी नाशिकच्या बाजारात न्यायची फुलं टेम्पोत भरून झाली होती. वडिलांनी रिवाजाप्रमाणे चाकापुढे नारळ फोडला आणि प्रसादाचा एक तुकडा आमच्या कुत्र्यालाही टाकला. त्यानं तो न चावताच गिळला. लगेच तो पंजानं तोंड ओरबाडू लागला, घशातून आवाज फुटेना, जीभ जांभळी पडली. आई पाण्याचा तांब्या घेऊन धावली. "पाणी नको पाजू, मरंल तो," वडील म्हणाले. त्यांनी त्याचे मागचे पाय धरून वर उचलले आणि मला म्हणाले, "मार, खांद्यांच्या मधी मार." माझा हातच उठेना. शेवटी एक फटका मारला, पुन्हा मारला, तेव्हा तुकडा मातीत पडला. कुत्रा धापा टाकत उठला आणि परत त्याच तुकड्यावर झेपावला. आणि सांडलेला अंगारासुद्धा कधी न ओलांडणाऱ्या माझ्या वडिलांनी त्या प्रसादावर पाय दिला. आजही आमच्याकडे नारळ फुटला की कुत्र्याचा प्रसाद मी आधी किसून घेते.