कागलची पिवळी गाडी

स्पोर्ट्स कार घ्यायची म्हटल्यावर घरात सगळ्यांना वाटलं, मला वेड लागलंय. चाळिशी ओलांडलेली बाई, बँकेत नोकरी, आणि हिला दोन दारांची, जमिनीला टेकलेली गाडी पाहिजे. नवी घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून जुनी. आई म्हणाली, "त्यात बसायचं का निजायचं?" लहानपणापासून दुसऱ्यांची इंजिनं दुरुस्त होताना बघत आले होते. एक तरी आपलं असावं, एवढीच हौस.

खर्चाचा विचार केला नव्हता असं नाही. जुनी स्पोर्ट्स कार स्वस्तात का मिळते हे मला पक्कं ठाऊक होतं. टायर रुंद, ते गावात मिळत नाहीत, बाहेरून मागवायचे. क्लच गेला की पार्ट येईपर्यंत गाडी कव्हर घालून दारात उभी. विम्याचा हप्ता मोठा, पेट्रोल पाण्यासारखं. आणि आमच्याकडचे स्पीडब्रेकर कुणी घातलेत देव जाणे, प्रत्येकावर गाडीचं पोट घासणार. हे सगळं सोसायला मी तयार होते. फक्त इंजिन उघडायची वेळ यायला नको होती. ती आली तर माझी सगळी शिल्लक त्यात गेली असती.

इंजिनासाठी माझ्याकडे आप्पा होते, माझे वडील. उभा जन्म त्यांनी उद्यमनगरातल्या आपल्या वर्कशॉपात इंजिनं खोलण्यात घालवला. आमच्याकडे जुनी गाडी घेताना कागदपत्रं मागाहून बघतात, आधी कानाचा माणूस नेतात. आप्पा तो माणूस. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. ते "घ्या" म्हणाले की घ्यायची, मान हलवली की चहा पिऊन उठायचं. त्यावर कुणी वाद घातलेला मला आठवत नाही.

कागलला एका ऊसवाल्या तरुणाकडे गाडी होती. लग्नाआधी हौसेनं घेतलेली, आता मूल झाल्यावर दोन सीट पुरेनात. शेडमध्ये ट्रॅक्टरच्या शेजारी उभी होती, पिवळीधमक. बघताक्षणी माझा जीव तिच्यावर जडला, खोटं कशाला बोलू. शेजारपाजारचे चारपाच जण जमलेच. "या की पावणं," मालक आप्पांना म्हणाला, "चाललीय कुठं ही? नुसती उभी असती." आणि त्यानं गाडी सुरू केली.

मला ठोका ऐकू आला.

बारीक होता, पण खालून, इंजिनाच्या पोटातून येत होता. त्यानं रेस दिली की वाढायचा. असला आवाज मी शाळेतून आल्यावर वर्कशॉपच्या दारात बसून कितीदा तरी ऐकला होता. आप्पांनीच तो ओळखायला शिकवलं होतं. आतलं बेअरिंग गेलं होतं. म्हणजे इंजिन उघडायचं.

आप्पांनी स्क्रू ड्रायव्हर टेकवला. डोळे मिटले. सगळे गप्प, ठोका मात्र चालूच. मग डोळे उघडून ते म्हणाले, "घे. झकास हाय इंजिन. घड्याळागत चालतंय."

आप्पांना तो ठोका ऐकूच आला नव्हता. घरी टीव्ही मोठ्यानं लागायचा, हाक मारली तर ओ यायची नाही. ते आम्ही वयावर ढकलून मोकळे झालो होतो. आता चारचौघांत काय सांगू? या माणसाचा कान गेलाय म्हणून? इथं उच्चारलेलं वाक्य त्याच दिवशी उद्यमनगरात पोचलं असतं, आणि आप्पांकडे त्या कानाशिवाय दुसरं होतं काय? गप्प बसावं तर माझी पुंजी गेली. मला त्यांची कीव आली आणि त्याहून जास्त राग आला.

"मला रंग नाही आवडला," मी म्हणाले.

सगळे हसले. मालक म्हणाला, "ताई, दुसरा मारून देतो की." आप्पांचा पारा चढला. "रंगापायी इंजिन सोडतीस? मग मला कशाला आणलंस?" मी हट्टी पोरीसारखी नाहीच म्हणत राहिले. चहा घेतला आणि उठलो.

परतताना हायवेवर आप्पांची गाडी मी चालवत होते. आप्पा बाहेर बघत म्हणाले, "आवाज येत होता व्हय?"

"हो." त्यांना ऐकू गेलं नाही. "होता! बेअरिंगचा!" मला ओरडावं लागलं.

त्यांनी मान डोलावली. "लई दिस झालं. न्हाय येत ऐकू."

"मग डोळे मिटून काय करता?" मी पुन्हा ओरडूनच विचारलं.

"काय न्हाय. गिऱ्हाईक गाडीकडं कसं बघतंय, ते आधीच बघून ठेवतो. त्याला आवडली असली तर घे म्हणायचं. शेडात शिरताना तुझं तोंड लई खुललंतं."

माझ्या आधी किती जणांना ते असं "घ्या" म्हणाले असतील? कुणी कर्ज काढून घेतली असेल, कुणी बायकोचं सोनं मोडून.

"आप्पा, त्या लोकांचं काय?" मी विचारलं.

ते समोर बघत राहिले. मी हळू आवाजात विचारलं होतं. मोठ्यानं विचारायचं धाडस मला त्या दिवशी झालं नाही, आणि पुढंही झालं नाही.