टेलरबाईंचा अबोला

टेलरबाईंनी देवाशी अबोला धरला होता. रविवारी चर्चच्या मंडळीत सगळ्यांबरोबर त्या ओठ हलवत, गाणीही म्हणत. पण ते चारचौघांतलं बोलणं. खरं बोलणं शिलाई मशीनवर चालायचं. पाय पॅडलवर, हात कापडावर आणि तोंड देवाकडे. "अरे, ही बाही बघ कशी रुसलीय," "धाकटीची परीक्षा आहे, लक्ष ठेव हं," असं दिवसभर. नवऱ्याला उभ्या जन्मात 'अहो'शिवाय हाक नाही, देवाला मात्र अरे-तुरे!

"आमच्या घरात दोन रेडिओ," नवरा म्हणायचा. "एक मी, दुसरी ही. हिचं स्टेशन तेवढं कुणाला लागत नाही."

नवरा बसचा ड्रायव्हर, बोलण्यात कुणाला हार न जाणारा. नेमकी त्याच्याच घशात गाठ निघाली. ऑपरेशनची पाळी आणू नकोस, एवढंच बाईंनी मागितलं होतं. पाळी आलीच. गाठ साधी निघाली, पण डॉक्टर म्हणाले, "जखम भरेपर्यंत एक शब्द नाही. आवाज परत येईल की नाही, ते तेव्हाच कळेल."

त्या दिवशी बाई मशीनवर बसल्या, तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ते मिटलेलंच राहिलं.

आज दुपारी दवाखान्यात आवाज काढून बघायचा होता. सकाळपासून बाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. शाळेच्या स्कर्टची पट्टी उलटी लागली. उसवली, तर पुन्हा उलटीच लागली. सुईत दोरा जाईना. दूध उतू गेलं.

चर्चच्या पाळकबाई स्कर्ट न्यायला आल्या. "आम्ही सगळे प्रार्थना करतोय गं. तूही मागतेस ना?"

"तुम्हीच मागा. आमचं सध्या बोलणं नाही."

"अगं, आजारी माणसाशी कसलं भांडण?"

"यांच्याशी नाही हो. त्याच्याशी." बाईंनी मान वर केली.

पाळकबाईंनीही वर पाहिलं. स्कर्ट उद्या नेईन म्हणत त्या गेल्या.

आतून पेल्यावर चमचा वाजला. नवऱ्याची हाक आता तीच.

"आले, आले! तो काय बसचा हॉर्न आहे?"

इस्त्रीचा शर्ट घालून तो केव्हाचा तयार बसला होता. त्यानं बाईंच्या तोंडाकडे बोट केलं, मग मशीनकडे, मग वर. चोचीसारखी बोटं उघडली, मिटली आणि हात हलवून विचारलं, बंद का?

"माझी बडबड? तुम्हाला ऐकू यायची?"

चमचा एकदाच वाजला. हो.

बाई मटकन खाटेवर टेकल्या. इतकी वर्षं हे ऐकत होते तर. घरात असून एक अक्षर न बोलणारं माणूस किती जड होतं, हे त्या इतके दिवस सोसत होत्या. आणि आपण तरी त्या वरच्याला काय सोसायला लावलं?

त्या मशीनवर येऊन बसल्या. आजच कशा बोलणार? काम पडलं म्हणून आली, असंच वाटेल त्याला. पॅडल दोनदा उगीच हललं.

"काम पडलं म्हणूनच आलेय," त्या एकदम म्हणाल्या. "लपवत नाही. आणि राग गेलेला नाही माझा, सांगून ठेवते. ऐकतोयस ना? यांचा आवाज दे. नाही दिलास तर…" पुढे 'मी पुन्हा गप्प बसेन' असं म्हणायचं होतं. ते काही तोंडातून निघेना. "नाही दिलास तर संध्याकाळी इथेच येऊन भांडेन. आणि दवाखान्यात तू पुढे हो. मला त्या डॉक्टरांची भीती वाटते. हे बघ, तुझ्याशी बोलण्याच्या नादात पट्टी पुन्हा उलटी!"

चमचा घाईघाईनं वाजू लागला. निघायची वेळ झाली होती.

बाईंनी कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं. रस्त्यानं त्यांचं पुटपुटणं सुरूच राहिलं; नवरा अर्धं पाऊल मागे, मान तिरकी करून, कान देऊन चालत होता.